चकवा, लांडगे आणि पांदण : राक्षस किती जड ठेवायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक जण खेळ चालवतो आणि राक्षस खेळवतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र खेळतात. त्यात पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे नवख्या, मांत्रिकाचे एचपी (पात्राचा जीव मोजायचे गुण) साधारण ८ असतात. ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसाचा सोटा एकदा लागला की सरासरी १३ जातात. नियम असा आहे की शून्यावर आल्यानंतर उरलेला मार पात्राच्या पूर्ण एचपीइतका किंवा त्याहून जास्त भरला, तर ते पात्र बेशुद्ध न पडता जागीच मरतं. ८ एचपीच्या मांत्रिकासाठी तो आकडा १६ होतो. ओगरचा मार म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे आणि वर ४. त्यात १६ किंवा जास्त येण्याच्या शक्यता ६४ पैकी १५, म्हणजे २३ टक्के. लागलेल्या दर चार फटक्यांतल्या जवळपास एका फटक्याला पात्र कायमचं जातं. आठवडाभर वाट पाहून, पात्राचं नाव-गाव वहीत लिहून आलेल्या पोराचं हे असं होऊ नये, म्हणून हा हिशोब आधी करायचा.

इथले सगळे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या नियमांतले आहेत. २०२४ मध्ये सुधारित नियम आले, त्यात काही प्राण्यांचे आकडे बदललेत. दोन्ही पुस्तकांची मिसळ करू नका. विकत पुस्तक नसलं तरी अडत नाही. मूळ नियम आणि राक्षसांचे आकडे असलेला एसआरडी ५.१ हा नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. तालुक्याला गेलात तेव्हा मोबाइलवर उतरवून ठेवा, मग गावात नेटवर्क असो की नसो. लाइट गेली तर कंदिलाशी वाचता यावं म्हणून त्या संध्याकाळी लागणारे तीन-चार राक्षस वहीत हातानं उतरवून घ्यावेत. हाताखालून गेलेले आकडे लक्षातही राहतात.

दोन शब्द आधी पक्के करू. प्रत्येकाला एकदा खेळायला मिळतं ती बारी. सगळ्यांच्या बाऱ्या संपल्या की एक फेरी.

फासे नसतील तर

वीस बाजूंचा फासा गावच्या दुकानात मिळत नाही, पण लुडोचा मिळतो. १ ते १० आकड्यांच्या चिठ्ठ्या एका वाटीत ठेवा. एक चिठ्ठी काढा आणि लुडोचा फासा टाका. फाशावर १, २, ३ आले तर चिठ्ठीचा आकडा तसाच धरा; ४, ५, ६ आले तर त्यात १० मिळवा. १ ते २० पर्यंतचा प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेनं येतो. चार बाजूंच्या फाशासाठी लुडोचाच फासा वापरून ५ आणि ६ आले की पुन्हा टाका. आठ बाजूंचा हवा असेल तर त्या चारवाल्यासोबत नाणं उडवा, छापा पडला की ४ मिळवा.

इथे एक चूक हमखास होते. काढलेली चिठ्ठी वाटीत परत टाकली जात नाही. मग प्रत्येक आकडा ठरलेल्या वेळी येणारच असं होतं, शेवटची चिठ्ठी कोणती हे पोरं ओळखून बसतात आणि खालचा सगळा हिशोब कोलमडतो. दर वेळी चिठ्ठी परत, वाटी हलवायची, मग पुढचा.

ओट्यावर खडूनं चौकटी आखा, एक चौकट म्हणजे ५ फूट. खेळाडूंसाठी चिंचोके, त्यावर खडूनं खुणा. वाघ, ओगर, मोठा रानडुक्कर यांना चार चौकटींची जागा लागते. तिथे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ठेवला की कोण कोणाच्या आवाक्यात आहे ते लांबून दिसतं.

पुस्तकाचं गणित, आणि ते कुठं कमी पडतं

प्रत्येक राक्षसाला चॅलेंज रेटिंग म्हणजे सीआर (तो किती जड आहे याचा आकडा) असतो आणि सीआरवरून एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, ठरतात. पाव सीआरला ५०, अर्ध्याला १००, १ ला २००, २ ला ४५०, ३ ला ७००. दुसरीकडे, एका खेळाडूमागे किती एक्सपीचा सामना झेपतो याचे चार टप्पे आहेत : सोपा, मध्यम, कठीण, जीवघेणा.

लेव्हल १ : २५, ५०, ७५, १००
लेव्हल २ : ५०, १००, १५०, २००
लेव्हल ३ : ७५, १५०, २२५, ४००
लेव्हल ४ : १२५, २५०, ३७५, ५००
लेव्हल ५ : २५०, ५००, ७५०, ११००

या आकड्यांना खेळाडूंच्या संख्येनं गुणायचं. चौथ्या लेव्हलवरून पाचव्यावर जाताना आकडे एकदम दुप्पट होतात, कारण पाचव्यावर योद्ध्याला एका बारीत दोन वार मिळतात आणि मांत्रिकाला फायरबॉल, म्हणजे एकदम अनेकांना भाजणारा मंत्र. तोवर जड वाटणारी लांडग्यांची झुंड एका फायरबॉलमध्ये संपते, तेव्हा पाचवी लेव्हल आली की जुने सामने पुन्हा वापरू नका.

राक्षसांच्या एक्सपीची बेरीज करून तिला संख्येप्रमाणे गुणायचं. एकच राक्षस असेल तर १ नं, दोनला दीड, तीन ते सहाला २, सात ते दहाला अडीच, अकरा ते चौदाला ३, पंधरा आणि वर ४. खेळाडू तिघांपेक्षा कमी असतील तर वरच्या पायरीचा गुणक घ्या, सहा किंवा जास्त असतील तर खालच्या पायरीचा. २०२४ च्या नियमांत हा गुणक काढून टाकलाय आणि टप्पे तीनच ठेवलेत. आमच्या मते गावच्या गटानं, जिथं कधी तिघं येतात कधी आठ, गुणकाचाच हिशोब ठेवावा. राक्षसांची संख्या वाढली की सामना किती झपाट्यानं जड होतो, ते त्या एका आकड्यातून कळतं.

आता हे कुठं कमी पडतं ते बघा. सीआर २ चे दोन राक्षस घेऊ, दोघांचेही एक्सपी ४५०. एक आपला ओगर : एसी (त्याला वार लागायला गाठायचा आकडा) ११, एचपी ५९. दुसरा विल-ओ-विस्प, म्हणजे रात्री वाट चुकवणारा दिवा. त्याला इकडे चकवाच म्हणा, कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. त्याचा एसी १९, एचपी २२.

वार करताना वीस बाजूंचा फासा टाकून त्यात वाराचा बोनस मिळवतात; बेरीज समोरच्याच्या एसीइतकी किंवा जास्त आली की वार लागतो. वार लागण्याची शक्यता काढायची रीत सोपी आहे : २१ मध्ये वाराचा बोनस मिळवा, समोरच्याचा एसी वजा करा, २० नं भागा. खेळाडूंचा बोनस ५ आणि एका वाराचा सरासरी मार ८ धरू. ओगरवर : २१ अधिक ५ वजा ११, म्हणजे २० पैकी १५, ७५ टक्के. एका बारीला सरासरी ६ एचपी, चौघांचे मिळून फेरीला २४. ५९ ला २४ नं भागलं की अडीच फेऱ्या.

चकव्यावर : २१ अधिक ५ वजा १९, म्हणजे २० पैकी ७, फक्त ३५ टक्के. वर साध्या हत्याराचा मार त्याला निम्माच लागतो, म्हणजे ८ चे ४. एका बारीला १.४, चौघांचे ५.६. २२ एचपी संपायला जवळजवळ चार फेऱ्या, तेही तो दिसत असेल तर. कारण तो आपली बारी खर्च करून अदृश्य होऊ शकतो. आणि त्याच्या शेजारी कोणी बेशुद्ध पडलेलं असेल, तर जास्तीच्या कृतीत तो त्याचा जीव ओढतो : कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) फाशावर १० गाठता आले नाहीत तर पडलेला मरतो आणि चकव्याचे एचपी वाढतात.

५९ एचपीवाला अडीच फेऱ्यांत जातो आणि २२ वाला चार फेऱ्या झुलवतो. एचपी बघून राक्षस निवडला की हे हमखास अंगाशी येतं. चकव्याला मॅजिक मिसाईल (जादूचे बाण सोडणारा मंत्र) मात्र नेमकं लागतं : न चुकता, निम्मं न होता, सरासरी १०.५. दोन वेळा टाकलं तर २१, एकानं हुकतं. दुसऱ्या लेव्हलच्या मांत्रिकाकडे असे तीन मंत्र असतात, म्हणजे तिसरा त्यानं राखून ठेवलाय की नाही यावर सगळा सामना ठरतो. गटात मॅजिक मिसाईलही नाही आणि जादूचं हत्यारही नाही, तर तिसऱ्या लेव्हलच्या आत चकवा आणू नका. आणायचाच असेल तर आदल्या गावातल्या म्हाताऱ्याच्या तोंडून सांगून टाका की लोखंडानं त्याचं काही बिघडत नाही, आणि पळून जायला वाट ठेवा.

दोन बाजूंचा हिशोब

कोणताही सामना मांडण्याआधी हेच दोन भागाकार करायचे. खेळाडू राक्षसाला किती फेऱ्यांत संपवतील, आणि तेवढ्या फेऱ्यांत राक्षस खेळाडूंचे किती एचपी नेतील. दहा मिनिटांचं काम आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

तीन ते चार फेऱ्यांचा सामना टेबलावर सगळ्यात चांगला रंगतो. एका बारीला दोन मिनिटं धरली, तर चार खेळाडू आणि खेळ चालवणाऱ्याची एक अशा पाच बाऱ्यांची फेरी दहा मिनिटांची. चार फेऱ्या म्हणजे ४० मिनिटं. सहा फेऱ्या झाल्या की तासभर जातो, आणि त्यातही तिसऱ्या फेरीनंतर कोण जिंकणार हे कळलेलं असतं.

मार किती बसावा? खेळाडूंच्या एकूण एचपीपैकी निम्म्याच्या आसपास गेले, एखादा पडून उठला, तर सामना भरीव वाटतो. पाव भागापेक्षा कमी गेले तर ती नुसती झटापट. पाऊण भागाच्या वर जाणार असं दिसलं तर एक राक्षस काढा.

शेवटी एक वाईटातली वाईट फेरी करून पाहा. सगळे राक्षस आधी खेळले, सगळे एकाच खेळाडूवर गेले, तो पडला की उरलेले दुसऱ्यावर, आणि सगळ्यांचे वार लागले असं धरा. पहिल्या फेरीत एक पडत असेल तर चालेल. दोन पडत असतील तर सामना बदला. हे रोज घडणार नाही, पण ज्या दिवशी घडेल त्या दिवशी गट अर्ध्या तासात घरी जातो.

चार लांडगे : वावरात आणि पांदणीत

दुसऱ्या लेव्हलचे चौघं घ्या. योद्धा २० एचपी, पुजारीण १७, चोरटा १७, मांत्रिक १४, एकूण ६८. सगळ्यांचा एसी सोयीसाठी १५. समोर चार लांडगे : प्रत्येकी एसी १३, एचपी ११, बोनस ४, चाव्याचा सरासरी मार ७.

पुस्तकाप्रमाणे चारांचे २००, गुणिले २, म्हणजे ४००. चौघांसाठी मध्यमची रेष नेमकी ४०० ला. कागदावर मध्यम सामना. पण लांडग्याला झुंडीचा फायदा आहे : त्याचा जोडीदार शिकारीला खेटून असेल तर वाराला दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. एका फाशात ५० टक्के असलेली शक्यता ७५ होते. ७ चे ७५ टक्के ५.२५, चौघांचे फेरीला २१. कापूस वेचून रिकाम्या झालेल्या मोकळ्या वावरात चारही लांडगे एकालाच घेरतात, आणि २० एचपीचा योद्धासुद्धा पहिल्या फेरीत पडू शकतो. त्यात चावा लागला की स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) फाशावर ११ गाठायचे, नाहीतर पात्र आडवं.

आता हाच सामना पांदणीत न्या. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळीचं कुंपण, रुंदी एका बंडीपुरती, म्हणजे दोन चौकटी. पुढे योद्धा आणि पुजारीण, मागे चोरटा धनुष्य घेऊन, त्याच्या बाजूला मांत्रिक. लांडगेही दोनच पुढे येऊ शकतात. शेजारी शेजारी असल्यानं त्यांचा झुंडीचा फायदा टिकतो, पण फेरीचा मार २१ वरून १०.५ वर येतो. राक्षस तेच, एक्सपी तेच, मार निम्मा. मांत्रिकानं स्लीप हा झोपवणारा मंत्र टाकला तर सरासरी २२ एचपीचे प्राणी झोपतात, म्हणजे पुढचे दोन लांडगे. मागचे दोघं मग त्यांच्याच झोपलेल्या जोडीदारांमागं अडकतात.

हे फारच सोपं झालं, तर कुंपणाला खिंडार ठेवा. खरी गंमत इथे आहे. मागचे दोन लांडगे पुढच्या बाजूनं बाहेर पडून वावरातून वळसा घालतात आणि मागच्या खिंडारातून मांत्रिकावर येतात. लांडगा एका बारीत ४० फूट चालतो, बारी खर्च करून धावला तर ८०. वळसा १२० फुटांचा ठेवला तर पहिल्या फेरीत ८०, दुसऱ्या फेरीत उरलेले ४० चालून तो चावायला मोकळा. वळसा २०० फुटांचा केला की चावा तिसऱ्या फेरीत. आणि पावसाळ्याचे दिवस दाखवले, काळी माती पायाला धरून ठेवणारी, तर प्रत्येक फुटाला दोन फुटांची चाल लागते. तोच १२० फुटांचा वळसा चौथ्या फेरीपर्यंत लांबतो, आणि तोवर पुढचे दोन लांडगे संपलेले असतात.

खिंडार किती लांब, हा तुमच्या हातातला स्क्रू आहे. कोणाचे एचपी न बदलता, एकही फासा न लपवता, सामना हलका किंवा जड करता येतो. खेळाडूंनाही ते खिंडार आधी दिसू द्या. कोणी म्हणेल, "भाऊ, तिथं बोराटीचा झाक लावून टाकतो मी." लावू द्या. त्यानं सामना सोपा झाला तर तो त्यानं कमावलाय.

नाल्याचा काठ, तुरीची ओळ, बोडीची पाळ, मळणीच्या जागेवरचा कुटाराचा ढीग, हे सगळं असंच वापरता येतं. तुरीत लपलेल्यावर नेम धरणं कठीण, पाळीवर उभ्या असलेल्यापर्यंत पोचायला चढावं लागतं. नकाशा आखताना दोन गोष्टी लिहा : इथे एकाच वेळी किती राक्षस पोचू शकतात, आणि उरलेल्यांना पोचायला किती फेऱ्या लागतात.

काय आधी बदलायचं

सामना जड वाटतोय तर आधी संख्या कमी करा. एक लांडगा कमी केला की मारही कमी होतो आणि बाऱ्याही. ते जमत नसेल तर जागा बदला. मग राक्षसाला काय हवंय ते बदला : भुकेला प्राणी बकरी घेऊन निघून जातो, लुटारूला पोतं हवं असतं, कोणीही शेवटच्या थेंबापर्यंत लढायला आलेलं नसतं. निम्मे साथीदार पडले की उरलेले पळणार, हे वहीत आधीच लिहिलं तर सहा फेऱ्यांचा सामना चारवर येतो.

एचपी त्यानंतर. राक्षसाचे एचपी नियमात फाशांमध्ये दिलेले असतात आणि छापलेला आकडा ही फक्त सरासरी. लांडगा ४ ते १८, वाघ १५ ते ६०, ओगर २८ ते ९१, यातला कुठलाही आकडा नियमात बसतो. तो सामना सुरू व्हायच्या आधी निवडा.

एसीला सगळ्यात शेवटी हात लावा. एसी १ नं वाढवला की वार लागण्याची शक्यता ५ टक्क्यांनी उतरते. तीननं वाढवला तर ६५ चे ५० होतात, आणि पोरं बारीमागून बारी "हुकला, हुकला" ऐकत बसतात. एचपी वाढवून लांबलेला सामना निदान वार लागल्याचं समाधान देतो.

काही गोष्टी कुठल्याच बेरजेत दिसत नाहीत, त्या हातानं तपासाव्या लागतात. घूल (मढी खाणारं भूत) सीआर १ चाच, पण त्याचा पंजा लागून कॉन्स्टिट्यूशनचा १० हुकला की पात्र लुळं पडतं. शॅडो (सावलीसारखं भूत) अर्ध्या सीआरची, पण लागलेल्या प्रत्येक फटक्याला १ ते ४ स्ट्रेंग्थ नेते, आणि स्ट्रेंग्थ शून्य झाली की मृत्यू. ८ स्ट्रेंग्थचा मांत्रिक तीन-चार फटक्यांत जातो, एचपी शिल्लक असताना. दोन-तीन खेळाडूंच्या गटात लुळं पाडणारे राक्षस नकोतच. तिघांतला एक बसून राहिला की एक तृतीयांश बाऱ्या गेल्या, आणि तो पोरगा तक्रार करतो ती बरोबर असते : "मी का करू आता? पडूनच आहो ना तीन फेऱ्यांपासून!"

पडलेल्यावर वार करायचा का

शून्यावर आलेलं पात्र दर बारीला एक फासा टाकतं. १० किंवा वर आलं की एक बाजूला खूण, खाली आलं की दुसऱ्या बाजूला; तीन अपयशं झाली की मरण. पण बेशुद्ध पात्रावर जवळून लागलेला प्रत्येक वार आपोआप क्रिटिकल, म्हणजे जबर वार, धरला जातो, आणि क्रिटिकल म्हणजे एकदम दोन अपयशं. लांडग्यानं पडलेल्याला दोनदा चावलं की संपलं.

म्हणून राक्षस पडलेल्याला चावत राहील की पुढच्या उभ्या माणसाकडे वळेल, हा एकच निर्णय सामना एक पायरी वर-खाली करतो. राग आला म्हणून तो ऐन वेळी घेऊ नये. प्रत्येक राक्षसापुढं आधीच लिहून ठेवा : लांडगा पडलेल्याला ओढून नेईल, लुटारू उभ्याकडे वळेल, घूल खायला बसेल. आणि पहिल्याच फेरीत ते दाखवून द्या, गावच्या कुत्र्यावर किंवा सोबतच्या गाडीवानावर, म्हणजे खेळाडूंना काय वाढून ठेवलंय ते कळेल.

गर्दी झाली तर

ओसरीवर चौघं खेळताना दिसले की पुढच्या वेळी आठ येतात. आठ खेळाडूंपुढं एक ओगर ठेवला तर फेरीला ४८ चा मार बसतो, तो सव्वा फेरीत जातो. इथे बहुतेक जण त्याचे एचपी दुप्पट करतात. त्यानं सामना लांबतो, जड होत नाही, कारण आठ बाऱ्यांना ओगरची बारी अजून एकच असते. त्याऐवजी दुसरा ओगर आणा, सोबत चार लुटारू द्या, आणि कामं दोन ठेवा : अर्ध्यांनी दार धरायचं, अर्ध्यांनी विहिरीतल्या पोराला काढायचं.

एकट्याच मोठ्या राक्षसाचा सामना हवा असेल तर त्याला फेरीत दोन बाऱ्या द्या, एक सगळ्यात आधी, एक मध्ये. हा आपला घरचा नियम आहे, खेळाडूंना आधी सांगा. एका वाराचा मार पाऊण करा. एचपी वाढवायचे तर छापलेल्या आकड्याच्या दीडपटीवर थांबा.

वाघाचं थोडं वेगळं. २०१४ च्या आकड्यांत तो सीआर १ आहे, एचपी ३७, एसी १२. उघड्यावर चौघांसमोर उभा राहिला तर दोन फेऱ्यांच्या आत पडतो, आणि ते बघणाऱ्यालाही पटत नाही. तो गवतातून यावा : लपण्याचा बोनस ६, चाल ४० फूट, अंधारात ६० फूट दिसतं. लपून केलेल्या वाराला दोन फासे मिळतात, १५ एसीवर त्याची शक्यता ५५ वरून ८० टक्क्यांवर जाते. सरळ २० फूट धावून पंजा लागला की स्ट्रेंग्थचा १३, हुकला तर पात्र आडवं आणि वर लगेच चावा. एक वार करून गवतात परतताना शेजारचा त्याच्यावर एक वार मारू शकतो, तो मारू द्या. मात्र चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या किंवा कुठल्याही जंगलालगतच्या गावात वाघ टेबलावर आणण्याआधी गटाला एकदा विचारा. कोणाच्या घरी खरंच तसं घडलेलं असतं. त्याच्या समोर हा सामना खेळायचा नसतो. तेच आकडे घेऊन दुसरं जनावर करा.

एका संध्याकाळी एकच सामना

२०१४ चे टप्पे असं धरून बांधलेत की पूर्ण विश्रांती होईपर्यंत गट मध्यम ते कठीण असे सहा-आठ सामने करेल. जेवणं आटपून बसलेला गट दोन-अडीच तासांत एक, फार तर दोन करतो. मंत्र सगळे शिल्लक, एचपी पूर्ण. अशा वेळी पुस्तकातला मध्यम सामना फुसका निघतो, आणि चूक राक्षसाची वाटते.

यावर दोन उपाय. तिसऱ्या लेव्हलपासून पुढं एकच सामना असेल तर कठीण आणि जीवघेण्याच्या मधला घ्या. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला हे करू नका, तिथं एचपीच नसतात. दुसरा उपाय आम्हाला जास्त पटतो : रात्र संपली म्हणून पात्रांची रात्र संपवू नका. कोणाचे किती एचपी, किती मंत्र उरले ते उठायच्या आधी वहीत लिहून घ्या आणि पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू करा. लिहून घेतलं नाही तर पुढच्या वेळी प्रत्येक जण ताजातवाना होऊन येतो, आणि त्यावर वाद घालायला तुमच्याकडे काही नसतं.

खेळ चालू असताना

हिशोब कधीतरी चुकतोच. तेव्हा फासे लपवून आकडे बदलू नका. फासे उघड्यावर पडू द्या, आणि आधी लिहून ठेवलेल्या गोष्टींतून सामना हलवा. सगळ्यात उपयोगी म्हणजे दुसरी टोळी. दुसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी सहा गॉब्लिन (बुटके राक्षस) : ५० प्रमाणे ३००, गुणिले २, म्हणजे ६००, नेमका कठीण. त्यातले तीनच आधी येऊ द्या, तो ३०० चा, सोप्याच्या वरचा सामना. उरलेले तिघं शिंग वाजलं की दोन फेऱ्यांनी पोचतात. शिंग वाजवायला एका गॉब्लिनची पूर्ण बारी जाते, आणि तो वाजवायला निघालाय हे खेळाडूंना दिसतं. त्यांनी त्याला पाडलं तर दुसरी टोळी येत नाही. पहिले तिघंच भारी पडले आणि शिंगवाला जिवंत असला, तर तो वाजवण्याऐवजी पळून जाईल, हेही आधीच लिहून ठेवा.

सामना संपला की वहीत एक ओळ : किती फेऱ्या, सगळ्यात कमी एचपी कोणाचे आणि किती, किती मंत्र उरले, कोण किती बाऱ्या पडून होतं. चार-पाच संध्याकाळी झाल्या की त्या ओळींवरून तुमच्या गटाचा खरा बोनस, खरा मार आणि खऱ्या फेऱ्या निघतात. मग वरच्या भागाकारात ५ आणि ८ च्या जागी ते आकडे घाला.